रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का ऐकत नाही?

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, नाव छापू नका. वय २९, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. मागच्या वर्षी जानेवारीत बाहेर खाऊन जुलाब-उलट्या झाल्या, दोन दिवस सलाईन लावलं. त्यातनं उठलो पण तेव्हापासनं पोट ताळ्यावर नाही ते नाहीच. सकाळी घर सोडायच्या आत चार वेळा जावं लागतं. जाऊन आलं की पाच मिनिटांत परत कळ. पोट फुगतं. खाल्लं की लगेच पळावं लागतं म्हणून दुपारी तीनपर्यंत काही खातच नाही, नुसता चहा. रात्री मात्र झोप लागते, कधी उठावं लागत नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण सगळं झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं नाजूक होण्याचा त्रास) आहे, काही नाही, टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणतात मनाचे खेळ. आई म्हणते पोट साफ होत नाही म्हणून होतंय, ती रोज रात्री चूर्ण देते. वजन तीन किलो उतरलंय. मित्र बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून 'काय करूलालास बे आत इतका वेळ' म्हणतात. पुण्याला इंटरव्ह्यू होता, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलं आणि आदल्या रात्री रद्द केलं. आता घरात स्थळं बघणं चालू आहे. माझ्या डोक्यातच बिघाड आहे का? आणि मुलीला सांगायचं का?"

तुला अरे-तुरे करते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

पत्र वाचून पहिलं काय केलं सांगू? "रोज रात्री चूर्ण" या तीन शब्दांभोवती लाल पेनाने गोल केला. बाळा, तुला सकाळी चार वेळा जावं लागतंय आणि घरात तुला रात्री पोट साफ व्हायचं औषध चाललंय! डबा उचल आणि मागचं बारीक अक्षर वाच. बहुतेक अशा चूर्णांत सोनामुखी असते, ती मोठ्या आतड्याला ढोसून ढोसून हलवते आणि तिचा असर साधारण सहा ते बारा तासांनी होतो. म्हणजे रात्री साडेनऊला घेतलं की सकाळी तू शर्टाची बटणं लावत असताना बरोब्बर टाइमिंग. सगळा त्रास चूर्णामुळे आहे असं मी म्हणत नाही, तुझं पोट त्याआधीच बिघडलेलं होतं, पण आगीत तेल चाललंय एवढं नक्की. आजपासून बंद कर आणि दोन आठवडे बघ. आईला वाईट वाटेल, ती प्रेमाने करतेय. आपल्याकडे "पोट साफ" हे एक वेडच आहे, ताप आला पोट साफ नाही, तोंडावर फोड आला पोट साफ नाही, मुलगा चिडचिडा झाला तरी पोट साफ नाही. तिच्यासाठी खाली ता.क. लिहिलाय, तेवढा वाचून दाखव.

आता तुझा खरा प्रश्न. डोक्यात बिघाड आहे का. नाही रे. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ आहे, पण या बाबतीत पेशंटच्या खुर्चीतही बरीच वर्षं बसलेय. कॉलेजात असताना मला हेच झालं होतं, फक्त माझं उलटं, चार दिवस बद्धकोष्ठ आणि पाचव्या दिवशी पोटात पिळा. तेव्हा एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सरकवून माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "लग्न झालं की आपोआप बरं होईल." लग्न झालं. पोट तसंच राहिलं, फक्त बघायला सासरची मंडळी आली.

"काही नाही" हा शब्द जो आहे ना, त्याने पेशंटचं जितकं नुकसान होतं तितकं आजाराने होत नाही. डॉक्टरांना म्हणायचं असतं की जखम नाही, गाठ नाही, सूज नाही. आपल्याला आणि घरच्यांना ऐकू येतं की हा नाटक करतोय. तू कारखान्यात आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. ऑटो लूमला धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी पिन असते बघ, प्रत्येक धाग्यावर एकेक. समजा त्या पिनांचं सेटिंगच जास्त नाजूक झालं तर काय होईल? धागा तुटलेला नसतानाही माग थांबणार. फिटर येणार, सगळे धागे तपासणार, म्हणणार एकही तुटला नाही, माग नॉर्मल आहे. आणि तो निघून गेला की माग परत थांबणार. आता फिटर खोटं बोलला का? नाही. माग नाटक करतोय का? तेही नाही. तो धागे तपासत होता आणि बिघाड सेटिंगमध्ये होता. सोनोग्राफी आणि दुर्बीण धागे बघतात. तुझ्या आतड्याच्या नसांचं सेटिंग त्यांत दिसत नाही.

आणि हे माझ्या मनचं नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये रिची नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला होता, आयबीएसचे पेशंट आणि बाकीचे लोक घेतले, मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवला (हो, लोक अशा प्रयोगाला तयार होतात, विज्ञानाचे उपकार). ६० मिलीपर्यंत फुगवल्यावर आयबीएसवाल्यांत अर्ध्याहून जास्त लोकांना दुखलं, बाकीच्यांत शंभरात सहा जणांना. फुगा तोच, मापही तेच. म्हणजे जेवढा गॅस तुझ्या मित्राच्या पोटात गुपचूप फिरून निघून जातो तेवढाच गॅस तुला कळ देतो. त्याला कळत नाही म्हणून तो दाराबाहेर उभं राहून हसतो.

हे सेटिंग बिघडलं कशाने, तर तुझ्या बाबतीत बहुतेक त्या जानेवारीतल्या जुलाबाने. (कुठं खाल्लंस ते लिहिलं नाहीस ते बरं केलंस, उगाच कुणाच्या गाड्यावर बिल फाटायचं.) पोटाच्या मोठ्या इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस मागे राहतो, जंतू जातात पण आतड्याच्या नसा जाग्याच राहतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडातल्या वॉकर्टन नावाच्या छोट्या गावाचं आहे. २००० च्या मे महिन्यात जोराचा पाऊस झाला, शेतातलं शेण गावाच्या विहिरीत उतरलं, क्लोरीन नीट पडत नव्हतं, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले आणि सात जण गेले. नंतर डॉक्टरांनी त्या गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी बघितलं तर तेव्हा आजारी पडलेल्यांतल्या चौथा हिस्सा लोकांच्या वर आयबीएस होता. आता हे पुढचं वाक्य नीट वाच: आठ वर्षांनी परत बघितलं तेव्हा हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. म्हणजे इन्फेक्शननंतरचा आयबीएस बऱ्याच जणांचा हळूहळू ओसरतो. सावकाश, पण ओसरतो.

मग टेन्शनचा काही संबंधच नाही का, तर आहे, पण घरचे म्हणतात तसा नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींच्या वर मज्जापेशी असतात, मेंदू आणि आतडं यांची दिवसभर फोनाफोनी चालू असते आणि ती दोन्ही बाजूंनी. परीक्षेच्या आधी कुणाचं पोट हललं नाही सांग बघू. तुझ्याकडे ही लाइन जास्त मोठ्या आवाजात चालू आहे एवढंच. सकाळी नऊला गाडीची किल्ली हातात घेतली की मेंदू विचारतो "रस्त्यात लागली तर?" आणि आतडं म्हणतं "आत्ताच घे की मग." टेन्शनने आजार लागला असं नाही, आजार असताना टेन्शन त्याचा आवाज वाढवतं. "टेन्शन घेऊ नका" म्हणून टेन्शन गेलेला माणूस मी तरी अजून बघितला नाही.

आता एक गोष्ट आधी निस्तरून घे. आयबीएस हे नाव लावायला काही ठरलेलं माप आहे, २०१६ सालचे रोम निकष म्हणतात त्याला. ढोबळ मानाने असं की गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातनं किमान एक दिवस पोटात दुखणं, त्याबरोबर दुखण्याचा शी होण्याशी संबंध असणं, ती किती वेळा होते ते बदलणं, कशी होते ते बदलणं यांतल्या किमान दोन गोष्टी असणं, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेले असणं. तू त्यात बसतोस. रात्री झोपेतनं उठावं लागत नाही ही तर फार चांगली खूण आहे, कारण आतड्याला खरी सूज असेल तर ती रात्र-दिवस बघत नाही. पण वजन तीन किलो उतरलं हे मला नुसतं सोडून द्यायचं नाही. दुपारी तीनपर्यंत उपाशी राहणाऱ्याचं वजन उतरणारच, ते बहुतेक तेच असेल, तरी डॉक्टरांना हा आकडा मुद्दाम सांग. आपल्या भागात आतड्याचा टीबी ही विसरायची गोष्ट नाही, संध्याकाळी कणकण, वजन घटणं, पोटात गोळा लागणं असं काही असेल तर लगेच. शीतनं रक्त, काळपट शी, अंगात रक्त कमी निघणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, किंवा वयाच्या पन्नाशीला येऊन पहिल्यांदाच हे सगळं चालू होणं, यांतलं काहीही असेल तर तो आयबीएस धरून घरी बसायचं नाही, हे तुझ्याबरोबर बाकीच्या वाचणाऱ्यांनाही सांगतेय.

राहिलेल्या तपासण्या कुठल्या ते डॉक्टरांशी बोल. शी तपासून सूज आहे का ते सांगणारी कॅलप्रोटेक्टिन नावाची टेस्ट आहे, थायरॉइड आहे, गहू न सोसणाऱ्या सिलिॲक आजाराची रक्ततपासणी आहे (ती करायच्या आधी पोळी बंद करू नकोस, गहू खात असतानाच ती बरोबर येते), आणि शीची साधी मायक्रोस्कोपखालची तपासणी. या शेवटच्या टेस्टला लोक नाक मुरडतात पण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत, बॅरलमध्ये दिवसेंदिवस साठवतो आपण, आणि जिआर्डिया नावाचा एक परजीवी अशा पाण्यातनं पोटात जाऊन महिनोन्महिने गॅस आणि पातळ शी देत राहतो, अगदी आयबीएससारखंच. तो असला तर गोळ्यांनी जातो. हे एकदा झालं की मग मात्र पुढच्या टेस्टच्या मागे लागू नकोस. दर सहा महिन्यांनी नवीन डॉक्टर आणि परत दुर्बीण, यात पैसा जातो आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर माणूस जास्त खचतो, हे मी खूप बघितलंय.

बरं, खाण्याकडे येऊ, माझ्या आवडीचा विषय.

पहिलं, तीनपर्यंतचा उपास बंद. तुला वाटतं उपाशी राहून पोट शांत ठेवतोय, पण होतं काय की पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही प्रत्येक माणसाच्या शरीराची व्यवस्था आहे, वरनं माल आला की खालचं गोडाऊन रिकामं करायचं, तू डिस्पॅचवाला आहेस तुला काय सांगायचं. जेवण जितकं मोठं आणि तेलकट तितका हा धक्का मोठा. दिवसभराचं एकदम तीन वाजता खाल्लंस की धक्काही दिवसभराचा बसणार. आणि मधे रिकाम्या पोटी तीन-चार कप चहा, म्हणजे दूध, साखर, कॅफिन, तिन्ही. सकाळी उठून अर्ध्या तासात थोडं काहीतरी खा, दोन इडल्या खा, आपल्या गावात इडली कुठं मिळत नाही असं आहे का, थोडा मऊ भात खा, अर्धी भाकरी खा. पहिले आठ दिवस जास्त पळावं लागेल असं वाटेल, सुट्टीच्या दिवशी सुरू कर. चहा दोन कपांवर आण.

दुसरं म्हणजे काय सोसतं आणि काय नाही. इंटरनेटवर तू फॉडमॅप हा शब्द वाचला असशीलच. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीने हे काम केलंय. फॉडमॅप म्हणजे काही प्रकारच्या साखरा आणि पिष्टं, ती लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, ती पाणी ओढून घेतात आणि पुढं जाऊन मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा गॅस करतात. गॅस सगळ्यांनाच होतो पण तुझ्या पिना नाजूक आहेत. यात मोठे आरोपी कोण, तर कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले-हरभरा, दूध, आंबा, सफरचंद, फ्लॉवर, मशरूम, आणि शुगर-फ्री गोळ्यांमधलं सॉर्बिटॉल.

यादी वाचून घाबरू नकोस, आपण सोलापूरचे लोक यात नशीबवान आहोत. ज्वारी चालते! गव्हातलं जे पोटाला नडतं ते ज्वारीत फार कमी आहे, त्यामुळे तुझ्या आजीची भाकरी हीच तुझी डाएट भाकरी, कडक भाकरीसुद्धा चालेल, आणि ते महागडं ग्लुटेन-फ्री पीठ ऑनलाइन मागवायची काही गरज नाही. भात चालतो. शेंगदाणे मूठभर चालतात. मुगाची पातळ डाळ थोडी चालते. पपई चालते, थोडं कच्चट केळं चालतं. डाळिंब आपल्याकडचं म्हणून वाटीच्या वाटी खाऊ नकोस, मूठभर दाणे ठीक, त्याच्या वर पोटात गडबड करतं. हिंग चालतो. तिखट मात्र कमी कर. हे सोलापुरात बसून सांगणं म्हणजे पंढरपुरात बसून विठ्ठलाला नको म्हणण्यासारखं आहे, पण मिरचीतला जाळ आतड्याच्या त्याच नसांना चेतवतो ज्या आधीच जाग्या आहेत, आणि जुलाबाकडे झुकणाऱ्या आयबीएसमध्ये त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. लाल रस्सा महिनाभर लांब ठेव.

लसणाची एक युक्ती देते, ती माझ्या स्वयंपाकघरात रोजची आहे. लसणातलं जे नडतं ते पाण्यात विरघळतं पण तेलात विरघळत नाही. म्हणून फोडणीच्या तेलात अख्ख्या पाकळ्या टाकायच्या, मंद आचेवर बदामी होऊ द्यायच्या, आणि झाऱ्याने सगळ्याच्या सगळ्या काढून टाकायच्या, मग मोहरी-जिरं. वास येतो, चव येते, कळ येत नाही. आमटीत पाणी घातल्यावर लसूण टाकून नंतर वेचून काढलास तर उपयोग नाही, तोवर जायचं ते पाण्यात गेलेलं असतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं जे लोक वाचतच नाहीत: ही बंदी कायमची नाही. दोन ते सहा आठवडे कडक पाळायचं, मग एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस थोडा-थोडा वाढवत बघायचा. आधी दूध, मग गहू, मग कांदा, असं. जे सोसलं ते ताटात परत आलं. बहुतेकांना दोन-चार गोष्टीच नडतात, सगळी यादी नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, चार वर्षं नुसता दही-भात आणि उकडलेला बटाटा, हिमोग्लोबिन आठ. त्यांना शेवटी काय नडत होतं? कच्चा कांदा आणि कपभर दूध. चार वर्षं! शक्य असेल तर एखाद्या आहारतज्ज्ञाला धरून कर, आणि तुझं वजन आधीच उतरलंय म्हणून एकट्याने लांबवू नकोस.

एक वही घाल. दोन आठवडे, काय खाल्लं, किती वाजता, आणि शी कशी झाली. लाजायचं कारण नाही, त्याचा पण एक तक्ता आहे, १९९७ पासून जगभर वापरतात, ब्रिस्टल चार्ट म्हणतात. एक नंबर म्हणजे शेळीच्या लेंड्या, चार नंबर म्हणजे मऊ पिकलेलं केळं, सात नंबर म्हणजे नुसतं पाणी. डॉक्टरांना "पोट खराब असतं" म्हणण्यापेक्षा "आठवड्यातनं पाच दिवस सहा नंबर" म्हटलंस तर पाच मिनिटांची अपॉइंटमेंट सत्कारणी लागते.

औषधाबद्दल थोडं, कारण तो माझा प्रांत नाही. कळ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल असतात, प्रवासाच्या दिवसापुरत्या शी थांबवणाऱ्या गोळ्या असतात, हे सगळं डॉक्टरांना विचारून, मेडिकलवाल्याला विचारून नाही. आणि डॉक्टरांनी कधी ॲमिट्रिप्टिलिन नावाची गोळी लिहून दिली तर गूगल करून "ही तर डिप्रेशनची" म्हणून फेकून देऊ नकोस. अगदी कमी डोसमध्ये ती आतडं आणि मेंदूमधल्या त्या फोन लाइनचा आवाज कमी करते. २०२३ साली इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर नीट चाचणी झाली, साध्या गोळ्या-पथ्याने बरं न वाटलेल्या लोकांवर, सहा महिन्यांनी ती गोळी घेणाऱ्यांना नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. तुला वेडा ठरवून देत नाहीत ती.

आता हुतात्मा. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलं ते ते रद्द केलेलं तिकीट. पोट दुखतं ते दुखतंच, पण आयबीएसची खरी चोरी ही असते, आधी लग्नाचं जेवण टाळायचं, मग मित्रांची ट्रिप, मग इंटरव्ह्यू, आणि माणूस घर ते कारखाना एवढाच उरतो, तोही कुठल्या पेट्रोल पंपावर संडास आहे ते पाठ करून. (मला अजूनही सात रस्त्यापासून स्टेशनपर्यंतचे सगळे पाठ आहेत, झोपेतनं उठवून विचार.) मुंबई-पुण्याला जायला एसटीपेक्षा रेल्वे तुझ्यासाठी कधीही चांगली, डब्यातच संडास असतात, बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे जाऊन थांबवा म्हणायचं संकट नाही. आधी नोकरीसाठी जाऊ नकोस, एका रविवारी काही काम नसताना कुर्डुवाडीपर्यंत जाऊन ये. कडेची सीट घे. आदल्या रात्री हलकं जेवण, कांदा-डाळ नको. खिशात टिशू, एक जास्तीची पँट बॅगेत, ती बहुतेक कधी लागत नाही पण ती बॅगेत आहे एवढ्यानेच पोट अर्धं शांत होतं. कळ आली की लगेच उठू नकोस, पोटावर हात ठेवून चार आकडे श्वास आत आणि सहा आकडे बाहेर, असं दहा वेळा, कळ ही लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा उतरते. नाही उतरली तर जा की, त्यासाठीच कडेची सीट घेतलीय.

मित्रांचं काय करायचं ते तू बघ. मी तुझ्या जागी असते तर एकदाच त्याला म्हटलं असतं, "पोटाचा आजार आहे, आयबीएस म्हणतात, हवं तर तुला सांगतो मग आत काय करतात ते."

आणि मुलीला सांगायचं का, तर हो, सांगायचं. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्याची बशी हातात असताना नको, पण पुढं दोघं एकटे बोलाल, तेव्हा. रडत नको, माफी मागत नको. "मला पोटाचा एक जुना त्रास आहे, जिवाला धोका नाही, त्याचा कॅन्सर होत नाही, मूलबाळ होण्याशी संबंध नाही, पण सकाळी मला बाथरूम जास्त वेळ लागतं आणि काही गोष्टी खाता येत नाहीत." एवढंच. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. एक बाथरूमचं घर आहे का तुमचं, तेही सांग, तो प्रश्न लग्नानंतर आयबीएसपेक्षा मोठा असतो. आणि कोण जाणे, ती म्हणेल मलाही आहे. बाया हे कुणालाच सांगत नाहीत, माझ्याकडे येऊन दार लावून मग सांगतात.

दोन आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी ऐकून घेतलं नाही तर दुसरे बघ, गावात कमी नाहीत.

ता.क. आईंसाठी: वहिनी, चूर्ण तुम्ही मुलाच्या काळजीनेच देत होता, मला माहीत आहे, माझी आई तर एरंडेल द्यायची. आता त्याऐवजी एक करा, डॉक्टर हो म्हणाले तर रोज एक चमचा इसबगोल, मोठा ग्लासभर पाण्यात, लगेच प्यायचा. पातळ असेल तर ते घट्ट करतं आणि घट्ट असेल तर मऊ करतं. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे घालू नका, पोट फुगेल आणि मग माझ्या नावाने खडे फोडाल. गव्हाचा कोंडा मात्र नको, त्याने याचा त्रास वाढतो. आणि त्याच्यापुरती शेंगा चटणी वेगळी कुटा, लसूण न घालता, दाणे खमंग भाजून, जिरं, मीठ आणि नावाला तिखट, वरनं ते लसूण काढून टाकलेलं तेल चमचाभर. भाकरीबरोबर चांगली लागते. माझ्या सासूबाई अजून तिला चटणी म्हणायला तयार नाहीत, दाण्याचं कूट म्हणतात, पण डबा रिकामा होतो.